रक्तातील साखर आणि आहारातील पोषकद्रव्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहार आणि रक्तातील साखर यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, ते येथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते : रक्तातली साखर डब्यातल्या साखरेमुळे वाढते, तेव्हा डबा बंद केला की काम झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि पुढची बरीचशी उत्तरे उरलेल्या अर्ध्या भागाविषयी आहेत. वेगळे सांगितलेले नसेल तेथे आकडे गर्भवती नसलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी आहेत. चालू औषधांत स्वतःच्या मनाने बदल करू नये, ही सूचना येथे एकदाच दिली आहे. ती प्रत्येक उत्तराला लागू आहे असे समजावे.

१. पोषकद्रव्ये नेमकी कोणती आणि त्यांतल्या कशाकशाने रक्तातील साखर वाढते?

शरीराला मोठ्या प्रमाणात लागणारी पोषकद्रव्ये तीन : कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. ऊर्जा मिळते ती मुख्यतः याच तिघांपासून; कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९. जीवनसत्त्वे आणि खनिजे अत्यल्प प्रमाणात लागतात आणि त्यांच्यापासून ऊर्जा मिळत नाही, पण अन्नातली ऊर्जा वापरण्याच्या कामात त्यांच्यावाचून अडते. पाणी आणि तंतुमय पदार्थ हेही या यादीत हवेतच.

रक्तातील साखर थेट आणि लवकर वाढवतात ती कर्बोदके. प्रथिनांतील काही अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज तयार करू शकते, परंतु हे काम संथपणे चालते आणि साधारण जेवणातल्या प्रथिनांमुळे साखर फारशी चढत नाही. स्निग्ध पदार्थांपासून ग्लुकोज जवळजवळ बनतच नाही. मात्र ही दोन्ही द्रव्ये कर्बोदकांच्या पचनाची गती बदलतात. त्याविषयी प्रश्न ७ पाहावा.

२. रक्तात मुळात साखर असतेच कशाला? ती जितकी कमी तितकी चांगली, असे नाही का?

नाही. रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज, आणि मेंदूचे मुख्य इंधन तेच आहे. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. त्याच्याजवळ स्वतःचा नाव घेण्याजोगा साठा नसल्यामुळे हे इंधन रक्तातून अखंड पोहोचावे लागते. १०० मिलिलिटर रक्तामागे साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की हातपाय थरथरणे, घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसू लागतात (प्रश्न १७).

येथे एक छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रौढ शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलीग्रॅम साखर धरली, तर संपूर्ण रक्तात मिळून होते फक्त साडेचार ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आता साधारण जेवणातून ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली असे समजा. रक्तात एरवी जेवढी साखर असते तिच्या साधारण तेरा पट ग्लुकोज दोन-तीन तासांत त्याच रक्तातून जाते आणि तरीही निरोगी माणसाची साखर सहसा १४० च्या वर टिकून राहत नाही. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे ग्लुकोज स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये शिरू देते, आणि यकृताला साठा करायला लावते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवता येते. उपाशी असताना उलट दिशेने काम चालते : ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक यकृताला साठा सोडण्याचा आदेश देते. तेव्हा प्रश्न साखर असण्याचा नसून ही ने-आण किती सुरळीत चालली आहे याचा आहे.

३. मी गोड अजिबात खात नाही, तरी साखर वाढलेली कशी?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी तक्रारही असते. भात, पाव, बटाटा, मका, गव्हाचे पीठ यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. जिभेला ती गोड लागत नाही, पण लाळेतील आणि लहान आतड्यातील विकरे ती तोडतात आणि शेवटी हाती येते ते शुद्ध ग्लुकोज. आपली नेहमीची साखर मात्र अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते. त्यामुळे वजनाला वजन ठेवून पाहिले, तर पचणाऱ्या पिष्टातून रक्तात येणारे ग्लुकोज साखरेतून येणाऱ्या ग्लुकोजपेक्षा जास्तच भरते. गोडाची चव आणि रक्तातली साखर यांचे नाते लोक मानतात तितके सरळ नाही.

याचा अर्थ गोड खायला मोकळीक मिळाली असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा (वरून घातलेली साखर, तसेच मध आणि फळांचा रस यांतली साखर) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या खाली आणाव्यात. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. पण गोड सोडले आणि ताटातला पिष्टमय भाग तेवढाच राहिला किंवा वाढला, तर आकडा खाली न येणे स्वाभाविक आहे. आहाराखेरीज आनुवंशिकता, पोटावरची चरबी, अपुरी झोप, संसर्ग आणि काही औषधे, विशेषतः स्टेरॉइड, यांनीही साखर वाढते.

४. उपाशीपोटी किती आणि जेवणानंतर किती साखर असावी?

पुढील आकडे शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीचे असून मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर या एककात आहेत. किमान ८ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत १०० च्या खाली म्हणजे सामान्य, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी मोजले तर १४० च्या खाली सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व आणि २०० किंवा अधिक मधुमेह. एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, प्रश्न ५) ५.७ टक्क्यांच्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. काही अहवालांत मधुमेहपूर्व अवस्थेची उपाशीपोटीची सीमा १०० ऐवजी ११० दिसते. ती छापण्यातली चूक नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन १०० धरते, जागतिक आरोग्य संघटना ११०. मिलिमोलमध्ये आलेल्या आकड्याला १८ ने गुणले की मिलीग्रॅम मिळतात.

ठळक लक्षणे नसताना एकाच तपासणीवरून मधुमेहाचे निदान करत नाहीत. दुसऱ्या तपासणीने त्याला दुजोरा मिळावा लागतो. शिवाय हे आकडे निदानाचे आहेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी उद्दिष्ट वेगळे असते : सर्वसाधारणपणे जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत. वय, इतर आजार आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून डॉक्टर ते सैल किंवा कडक करतात.

५. उपाशीपोटीची साखर चांगली येते, पण एचबीएवनसी जास्त आहे. खरे कोणते मानायचे?

दोन्ही खरे असू शकतात, कारण दोन्ही तपासण्या वेगळ्या गोष्टी मोजतात. उपाशीपोटीचा आकडा त्या सकाळचा असतो. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण, आणि या पेशी साधारण १२० दिवस जगत असल्याने त्यात मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी उमटते. ६.५ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १४०, आणि ७ टक्के म्हणजे सुमारे १५४. सकाळी साखर नीट, पण प्रत्येक जेवणानंतर ती खूप चढून उशिरा उतरत असेल, तर नेमके प्रश्नातले चित्र दिसते. अशा वेळी काही दिवस जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून पाहिल्यास उलगडा होतो.

पण एचबीएवनसीही नेहमी विश्वासार्ह नसते, आणि ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही असे आमचे मत आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट रक्तस्राव झालेला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होण्याचा विकार असेल, तर पेशींचे सरासरी वय घटते आणि आकडा खोटा कमी येतो. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार, नुकतेच चढवलेले रक्त आणि गर्भारपण यांतही या तपासणीवर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा अहवाल दाखवताना हिमोग्लोबिनचा आकडाही सोबत असू द्यावा.

६. ग्लायसेमिक इंडेक्सचा तक्ता पाहून पदार्थ निवडले तर पुरेसे आहे का?

तक्ता उपयोगी आहे, पुरेसा नाही. ही संकल्पना टोरांटोमध्ये डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ज्यात पचणारी कर्बोदके ५० ग्रॅम भरतील इतका पदार्थ खायला देऊन पुढील दोन तासांत साखर किती वाढते ते मोजायचे आणि तेवढ्याच ग्लुकोजने झालेली वाढ १०० धरून तुलना करायची, अशी तिची रीत. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० पासून पुढे जास्त.

गोम या ५० ग्रॅममध्ये आहे. कलिंगडाचा निर्देशांक जुन्या तक्त्यांत ७० च्या वर दिलेला आढळतो आणि तो पाहून अनेकांनी कलिंगड सोडले. पण १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदके असतात जेमतेम ७-८ ग्रॅम. ५० ग्रॅम गाठायचे तर सहा-सातशे ग्रॅम गर एका बैठकीत संपवावा लागेल. म्हणून ग्लायसेमिक लोड हे दुसरे माप वापरतात : निर्देशांक गुणिले वाढणीतली कर्बोदके, भागिले १००. १० पर्यंत कमी, २० पासून पुढे जास्त. १०० ग्रॅम कलिंगडाचा लोड पाच-सहाच्या पुढे जात नाही. मोठ्या बशीभर पांढऱ्या भाताचा तो सहज २० ओलांडतो.

दुसरी मर्यादा अशी की निर्देशांक कमी असणे म्हणजे पदार्थ चांगला असणे नव्हे. बटाट्याच्या तळलेल्या कापांचा निर्देशांक उकडलेल्या बटाट्यापेक्षा अनेकदा कमी येतो, कारण तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते. हे वाचून कोणी उकडलेला बटाटा टाकून तळलेले काप खाऊ लागला, तर तक्त्याचा अर्थ उलटा लावल्यासारखे होईल. मूळ मोजणी एकट्या पदार्थाची असते, आणि जेवताना आपण एकटा पदार्थ क्वचितच खातो.

७. तोच भात, तेवढाच. पण साखर कधी खूप चढते, कधी नाही. असे का होते?

कारण रक्तातली साखर पदार्थासोबत आणखी काय खाल्ले, कोणत्या क्रमाने खाल्ले आणि नंतर काय केले यावरही ठरते. भाताबरोबर डाळ, भाजी, अंडे किंवा दही असेल तर प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू यांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि ग्लुकोज एकदम न येता हळूहळू येते. भाजी आणि प्रथिनांचा भाग आधी आणि भात शेवटी घेतल्यास जेवणानंतरची चढण कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. खर्च शून्य असलेली ही युक्ती करून पाहायला हरकत नाही.

शिजवण्याचाही संबंध आहे. धान्य जितके बारीक दळलेले आणि जितके मऊ शिजलेले, तितके त्यातले पिष्ट विकरांच्या तावडीत लवकर सापडते. शिजवलेला भात किंवा बटाटा थंड होऊ दिला की पिष्टाचा काही भाग न पचणाऱ्या रूपात जातो, ज्याला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. फायदा खरा आहे, पण माफक. त्याच्या भरवशावर वाढणी दुप्पट करू नये. आणि भात थंड करायचा तर लगेच शीतकपाटात ठेवावा, कारण बाहेर तासन्‌तास राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात.

जेवणानंतरची हालचाल हा सर्वात दुर्लक्षित घटक. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत ओढून घेऊ शकतात, त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यानेही आकड्यात फरक पडतो. आदल्या रात्री झोप मोडली असेल किंवा सर्दी-ताप असेल, तर त्याच ताटाने साखर जास्त चढते.

८. फळे खावीत की सोडावीत? आणि रस चालेल का?

फळे खावीत, मधुमेह असला तरीही, बेताने आणि सबंध. फळातली साखर पेशींच्या भिंतीत तंतूंसह बंदिस्त असते, चावायला वेळ लागतो आणि पोट भरते. रस काढताना नेमकी ही रचना मोडते. तीन-चार संत्री सोलून एका बैठकीत खाणारा माणूस विरळा, पण त्यांचा पेलाभर रस दोन मिनिटांत संपतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखर, तो घरी काढलेला व वरून साखर न घातलेला असला तरी, मुक्त शर्करांत मोजते, आणि सबंध फळातली मोजत नाही. केळ्यासारखे फळ जितके जास्त पिकते, तितके त्यातल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर होते, हेही ध्यानात असावे. सुकवलेल्या फळांत पाणी निघून गेल्याने मूठभरात बरीच साखर मावते.

९. साखरेऐवजी मध किंवा तपकिरी साखर घेतली तर चालते का?

रक्तातील साखरेच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. तपकिरी साखर ही मळीचा अंश राहिलेली साखरच आहे, आणि मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे असतात. त्यांतील खनिजे इतकी थोडी की ती मिळवण्यासाठी मध खाणे आतबट्ट्याचे ठरेल. नुसत्या फ्रुक्टोजने साखर लगेच फारशी चढत नाही हे खरे, पण त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतात लागते, आणि अतिरेक झाल्यास तेथे चरबी साठते व रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात.

१०. पाकिटावर ‘शुगर फ्री’ लिहिले आहे, तरी खाल्ल्यावर साखर वाढली. फसवणूक आहे का?

बहुधा नाही, पाकिटावरच्या पुढच्या बाजूने सांगितलेले खरे होते, पण अपुरे होते. साखरविरहित बिस्किटात मैदा असतोच आणि त्याचे ग्लुकोज होते. माल्टोडेक्स्ट्रिन हा घटक तर तक्त्यातील ‘शर्करा’ या ओळीत सहसा मोजला जात नाही, आणि तरीही तो साखरेपेक्षा वेगाने रक्तात पोहोचतो. त्यामुळे पाकीट उलटून एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी, ती १०० ग्रॅमसाठी आहे की एका वाढणीसाठी ते पाहावे, आणि त्यातून तंतुमय पदार्थ वजा करावेत. घटकांची यादी साधारणतः वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, माल्टोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी शर्करांचीच नावे आहेत. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारख्या शर्करा-अल्कोहोलांनी साखर कमी वाढते, पण जास्त झाल्यास पोट बिघडते.

कॅलरी नसलेल्या कृत्रिम गोडव्यांनी रक्तातील साखर थेट वाढत नाही. वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून मात्र ते वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही.

११. प्रथिने किती घ्यावीत?

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ४८ ग्रॅमच्या आसपास. वाढते वय, आजारातून उठणे, जड व्यायाम, गर्भारपण व स्तनपान यांत गरज वाढते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरची मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. येथे प्रथिने म्हणजे प्रथिनांचे वजन. १०० ग्रॅम सुकी डाळ म्हणजे १०० ग्रॅम प्रथिने नव्हेत, साधारण २० ते २५ ग्रॅम.

१२. तेला-तुपाने साखर वाढत नाही, मग ते हवे तितके खावे का?

नाही. ऊर्जा दुपटीहून अधिक असल्याने वजन वाढते, आणि वाढलेले वजन, विशेषतः पोटातील व यकृतातील चरबी, इन्सुलिनचा प्रभाव कमी करते. संपृक्त स्निग्धांश एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि ट्रान्स फॅट १ टक्क्याहून कमी असावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी : तेलकट जेवणानंतर साखर दोन तासांनी ठीक दिसते आणि चार-पाच तासांनी चढते.

१३. तंतुमय पदार्थ पचतच नाहीत, मग त्यांचा उपयोग काय?

ते पचत नाहीत हाच त्यांचा उपयोग. ओट, डाळी, कडधान्ये, सफरचंद यांतील विद्राव्य तंतू आतड्यात दाट बुळबुळीत थर तयार करतात आणि ग्लुकोजचे शोषण लांबवतात. कोंड्यातील अविद्राव्य तंतूंनी शौचास साफ होते. मोठ्या आतड्यातील जिवाणू काही तंतू आंबवून त्यांपासून उपयुक्त मेदाम्ले बनवतात. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू नैसर्गिक अन्नातून घ्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सवय नसेल तर प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे आणि पाणीही वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि चांगली सवय चार दिवसांत सुटते.

१४. रात्री काही न खाता झोपलो, तरी सकाळी साखर जास्त का?

कारण यकृत झोपलेले नसते. पहाटे कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरक यांची पातळी चढते, त्यामुळे यकृत साठवलेले ग्लुकोज सोडते आणि नवेही तयार करते. निरोगी माणसात थोडे जादा इन्सुलिन स्रवून तोल सांभाळला जातो. मधुमेहात तो सांभाळला जात नाही. त्यामुळे रात्रीचे जेवण टाळून सकाळचा आकडा उतरेलच असे नाही. आदल्या रात्री उशिरा झालेले भरगच्च जेवण हेही कारण असू शकते. झोपताना, रात्री तीनच्या सुमारास आणि उठल्यावर असे दोन-तीन दिवस मोजून ती नोंद डॉक्टरांना दाखवली, तर औषधाची मात्रा किंवा वेळ ठरवायला ती उपयोगी पडते.

१५. कर्बोदके पूर्णच बंद केली तर?

साखर उतरेल, हे कबूल केले पाहिजे. मेंदूला लागणारे थोडे ग्लुकोज यकृत तयार करते आणि बाकीची गरज चरबीपासून बनणाऱ्या कीटोन या इंधनावर भागते, त्यामुळे शरीर चालते. अडचण टिकण्याची आहे; कर्बोदके सोडताना अनेकदा फळे, कडधान्ये आणि तंतूही सुटतात. आमच्या मते पूर्ण बंदीपेक्षा प्रमाण आणि प्रत बदलणे बहुतेकांना वर्षानुवर्षे जमते.

तीन अपवाद मात्र गंभीर आहेत. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्यांना अशा आहारात कीटोन-आम्लता (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकते, आणि तीही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे ती लवकर लक्षात येत नाही. तिसरे म्हणजे कर्बोदके अगदी कमी घेत असताना ग्लुकोज पिऊन करायची तपासणी केली, तर निरोगी माणसाचाही आकडा जास्त येऊ शकतो. त्या तपासणीपूर्वी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके घेतलेली असावीत.

१६. घरच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेशी जुळत नाही. यंत्र बदलावे का?

थोडा फरक अपेक्षितच असतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खाली १५ मिलीग्रॅम आणि त्यापुढे १५ टक्के एवढा फरक मान्य आहे. म्हणजे प्रयोगशाळेत १६० असताना यंत्राने १४५ किंवा १७५ दाखवले तरी ते नियमात बसते. त्याहून मोठा फरक दिसल्यास आधी पट्ट्यांची मुदत आणि डबीचे झाकण पाहावे, आणि मग बोटे. फळ सोलून हात न धुता मोजल्याने आकडा भलताच वाढल्याची उदाहरणे आमच्याकडे वरचेवर येतात. चूक कधी दुसऱ्या बाजूलाही असते : नमुना वेळेत वेगळा न केल्यास नळीतल्या पेशी साखर वापरत राहतात आणि प्रयोगशाळेचा आकडा खोटा कमी येतो. दंडावर लावायचा सेन्सर रक्तातील नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटे मागे असतो.

१७. साखर एकदम उतरली तर चॉकलेट द्यावे का?

चॉकलेट नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम जलद कर्बोदके द्यावीत : ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पूड, तीन-चार चमचे साखर पाण्यातून, किंवा अर्धा पेला फळांचा रस. प्रश्न ८ मध्ये जो दोष म्हटला तो येथे गुण ठरतो. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजून कमी असल्यास पुन्हा द्यावे. आकडा सावरल्यावर पुढच्या जेवणाला वेळ असेल तर थोडे खाऊन घ्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांच्या बाबतीत साखरेचे पाणी लवकर काम करत नाही, कारण साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करणारे विकरच ही औषधे अडवतात. त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते. बीटा ब्लॉकर गटातील औषधांमुळे छातीतली धडधड व थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. आणि रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास यकृताचे नवे ग्लुकोज बनवण्याचे काम मंदावते, त्यामुळे साखर कित्येक तासांनी, बहुधा झोपेत, उतरते.

१८. साखर ताब्यात ठेवणारे एखादे जीवनसत्त्व किंवा खनिज आहे का?

कमतरता नसताना वरून घेऊन निश्चित फायदा होईल असे एकही नाही. मात्र वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत बी१२ कमी होऊ शकते आणि त्यामुळे होणारी पायांची बधिरता मधुमेहाच्याच खाती जमा केली जाते. त्यांनी ही तपासणी अधूनमधून करून घ्यावी.

१९. मधुमेहपूर्व अवस्था आली म्हणजे मधुमेह होणारच का?

नाही. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. हे उद्दिष्ट आवाक्यातले आहे, म्हणून हा अभ्यास आम्ही आवर्जून सांगतो.

२०. गर्भारपणात हेच आकडे लागू होतात का?

नाही, ते अधिक कडक असतात. ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० किंवा दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला गेला, तर अनेक ठिकाणी गर्भारपणातील मधुमेह मानतात. आहारातून कर्बोदके स्वतःच्या मनाने तोडू नयेत.

२१. लघवीत साखर आढळली, रक्तातली मात्र ठीक आहे. हे कसे?

मूत्रपिंडे गाळलेली जवळजवळ सगळी साखर परत रक्तात घेतात. रक्तातील पातळी साधारण १८० च्या वर गेली की ती क्षमता अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. काही व्यक्तींत ही सीमा जन्मतःच खाली असते, आणि गर्भारपणातही ती खाली येते. तेव्हा रक्तातील साखर सामान्य असूनही लघवीची पट्टी रंग बदलते. प्रश्न १५ मध्ये उल्लेखलेली लघवीवाटे साखर टाकणारी औषधे चालू असतील, तर लघवीत साखर दिसणे हे औषध काम करत असल्याचे चिन्ह आहे. याच्या उलट, लघवीत साखर नाही म्हणून मधुमेह नाही असेही म्हणता येत नाही, कारण १४० आणि १६० हे आकडे त्या पट्टीला दिसतच नाहीत.